'कान्यामो' : कायद्याच्या फटीत रुजलेले एक स्पॅनिश मासिक

'कान्यामो' हे स्पॅनिश मासिक १९९७ साली बार्सेलोनात सुरू झाले. भांगेच्या झाडाला स्पेनच्या शेतकऱ्यांच्या तोंडी जे जुने नाव आहे तेच या मासिकाने घेतले आणि 'गांजा-संस्कृतीचे मासिक' अशी आपली ओळख छापली. वर्तमानपत्रे विकणाऱ्या रस्त्यावरच्या साध्या स्टॉलवर ते इतर नियतकालिकांच्या शेजारी उघडपणे मिळू लागले. आत लागवडीचे सल्ले, न्यायालयीन निकालांचे विवेचन, आरोग्यविषयक माहिती, इतिहास, मुलाखती, संगीत असा सगळा मजकूर असे. ज्या देशात गांजा विकणे हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे, तिथे केवळ गांजाला वाहिलेले मासिक कसे निघते, वर्षानुवर्षे कसे टिकते आणि अटलांटिक ओलांडून चिली-मेक्सिकोपर्यंत कसे पोचते, हे समजून घ्यायचे तर आधी स्पेनचा कायदा पाहावा लागतो. त्याच्याही आधी पाहावा लागतो तो मोरोक्को.

स्पेन आणि मोरोक्को यांच्यामधली जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. १९१२ ते १९५६ या काळात मोरोक्कोचा उत्तर भाग स्पेनच्या ताब्यात होता. त्यातल्या रिफ डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या गांजा पिकत आला आहे. तिथे तैनात असलेल्या स्पॅनिश शिपायांना स्थानिक 'किफ'ची, म्हणजे बारीक चिरलेल्या गांजाची सवय लागली आणि सुटीवर किंवा सेवा संपवून परतताना ती त्यांच्याबरोबर स्पेनच्या बंदरांत आणि कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत आली. त्यामुळे स्पेनमध्ये गांजाचे व्यसन ही प्रथम सैनिक, खलाशी आणि गोदी कामगार यांची गोष्ट मानली जाई. सुशिक्षित तरुणांमध्ये ते पसरले ते १९६० नंतर, युरोपातून येणारे पर्यटक आणि रिफमधून येणारा चरस या दोन्हींच्या संगतीने. स्पेनने १९६१च्या आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ कराराला १९६६ मध्ये मान्यता दिली आणि १९६७ मध्ये त्यानुसार देशांतर्गत कायदा केला.

स्पेनचा हुकूमशहा जनरल फ्रँको १९७५च्या नोव्हेंबरमध्ये वारला. त्याच्या आजारपणाच्या आणि मृत्यूनंतरच्या काही वर्षांत बार्सेलोना हे बंडखोर नियतकालिकांचे शहर झाले. 'आहोब्लांको' आणि 'स्तार' ही दोन्ही १९७४ साली निघाली आणि 'एल व्हिबोरा' हे प्रौढांसाठीचे चित्रकथांचे मासिक १९७९ मध्ये आले. लैंगिकता, तुरुंगसुधारणा, पर्यावरण, रॉक संगीत आणि अमली पदार्थ हे विषय त्यांनी प्रथमच स्पॅनिश छापील पानावर मोकळेपणाने आणले. 'कान्यामो'चा स्वभाव या घराण्यातूनच आला आहे. न्यूयॉर्कमध्ये टॉम फोरसाड याने १९७४ मध्येच काढलेले 'हाय टाइम्स' हे या प्रकारच्या मासिकांचे अमेरिकी मूळ मानले जाते, आणि त्याची छाप स्पॅनिश मासिकावर आहेच. तरीही स्पॅनिश मासिकाचा कणा वेगळा आहे. त्याच्या केंद्रस्थानी नशेचे कौतुक कमी आणि कायद्याशी चाललेला वाद जास्त दिसतो.

हा वाद नेमका कशावरून आहे? स्पेनमध्ये अमली पदार्थ स्वतः सेवन करणे हा फौजदारी गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७०च्या दशकातच ही भूमिका घेतली होती. दंडसंहितेचे कलम ३६८ शिक्षा करते ती लागवड, उत्पादन आणि व्यापार यांना, म्हणजे दुसऱ्याच्या सेवनाला मदत करणाऱ्या कृत्यांना. गांजासारख्या, आरोग्याची 'गंभीर हानी' न करणाऱ्या गटात मोडणाऱ्या पदार्थासाठी ही शिक्षा एक ते तीन वर्षे तुरुंगवासाची आहे. दुसऱ्या बाजूने १९९२च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याने रस्त्यावर, बागेत, बारमध्ये सेवन करणे किंवा जवळ बाळगणे यासाठी दंड ठेवला. २०१५च्या नव्या कायद्याने तो ६०१ ते ३०,००० युरो इतका केला. घरात ओढणाऱ्या माणसाला कायदा हात लावत नाही, पण तो गांजा त्या घरात कसा पोचला असेल, त्या प्रत्येक वाटेवर कायदा उभा आहे. ही विसंगती गेली तीस वर्षे कोणत्याही सरकारने सोडवलेली नाही, आणि 'कान्यामो' उभे आहे ते नेमके या विसंगतीवर.

मासिकाची बीजे १९९१ साली बार्सेलोनात स्थापन झालेल्या एका संघटनेत आहेत. रामोन सांतोस यांच्या नावाने सुरू झालेली ही गांजा-अभ्यास संघटना आद्याक्षरांवरून 'आर्सेक' म्हणून ओळखली जाई. १९९३ मध्ये तिने एक साधी पण धाडसी गोष्ट केली. कातालोनियातल्या अमली पदार्थविरोधी सरकारी वकिलाला तिने रीतसर पत्र लिहून विचारले, की प्रौढ सभासदांच्या एका गटाने केवळ स्वतःच्या वापरासाठी मिळून लागवड केली तर तो गुन्हा ठरेल का? उत्तर आले, की तत्त्वतः नाही. त्या उत्तराच्या आधारावर संघटनेने तारागोना प्रांतात सुमारे शंभर सभासदांसाठी उघडपणे लागवड केली आणि वर्तमानपत्रांनाही कळवले. पोलिसांनी पीक जप्त केले. प्रांतिक न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ मध्ये त्या न्यायालयाने ठरवले, की संघटनेचा विक्रीचा हेतू नव्हता हे स्पष्ट असले तरी लागवड हीच मुळात धोकादायक आहे आणि म्हणून शिक्षापात्र आहे.

त्याच वर्षी 'कान्यामो' निघाले. संघटनेभोवती जमलेली माणसे आणि सत्तरीच्या दशकातल्या नियतकालिकांत हात मुरलेले पत्रकार यांचा तो संगम होता. मासिकाची धुरा गास्पार फ्रागा यांच्याकडे होती. त्याच १९९७ साली उत्तरेकडे बिल्बाओ शहराच्या परिसरात 'कालामुदिया' या संघटनेने सुमारे ६०० झाडे लावली. तिथे मात्र खटला चालला नाही आणि पीक सभासदांच्या घरी पोचले. एकाच देशात, एकाच वर्षी, एकाच स्वरूपाच्या कृत्याला दोन वेगवेगळी उत्तरे मिळाली होती. सामान्य माणसाने यातून काय समजायचे? हा गोंधळ सोप्या भाषेत समजावून सांगणारे कोणी तरी असणे ही गरज होती, आणि मासिकाला पहिल्या अंकापासून वाचक मिळण्याचे ते एक मोठे कारण होते.

मासिकाचे वर्ष शेताच्या वर्षाबरोबर चालते. भांगेचे झाड दिवसाच्या लांबीवर वागते. दिवस मोठे असेपर्यंत ते वाढत राहते आणि उन्हाळा सरून रात्री लांबू लागल्या की फुलावर येते. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर पेरणी वसंतात होते, जुलै-ऑगस्टमध्ये नर आणि मादी झाडे ओळखता येऊ लागतात, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. नर झाडाचे पराग उडून मादीच्या फुलोऱ्यात बी धरले की त्याचा अंमल आणि किंमत दोन्ही उतरतात, म्हणून नर झाडे वेळीच काढून टाकणे हे उत्पादकाचे मुख्य काम असते. उन्हाळ्याच्या मध्यावरच्या अंकात याच विषयाला जागा मिळणे, किंवा शरदाच्या अंकात वाळवणी आणि बुरशीचा विषय येणे, हे या झाडाच्या स्वभावातूनच ठरते. एखाद्या कृषी मासिकाचा वाचक जसा हंगामाप्रमाणे अंक उलगडतो, तसाच या मासिकाचाही वाचक अंक उलगडतो. शेतीविषयक पानांचा सूरही शेतकी खात्याच्या पत्रिकेसारखा कोरडा आणि नेमका असतो. माती, पाणी, लाल कोळी आणि पानांवरचे डाग असे विषय त्यात येतात.

कायद्याचा भाग हा या मासिकाचा सर्वात मोलाचा भाग म्हणायला हवा. झडतीच्या वेळी नागरिकाला काय हक्क आहेत, दंडाची नोटीस आली तर किती मुदतीत उत्तर द्यायचे, 'स्वतःच्या वापरापुरते' म्हणजे न्यायालय किती धरते, असे प्रश्न वाचकांच्या रोजच्या जगण्याचे आहेत. यातला शेवटचा प्रश्न कळीचा आहे. स्पॅनिश न्यायालये साधारण पाच दिवसांचा साठा वैयक्तिक मानतात. राष्ट्रीय विषविज्ञान संस्थेने दिवसाला गांजा २० ग्रॅम आणि चरस ५ ग्रॅम असा कमाल हिशेब धरला असल्याने ती मर्यादा गांजासाठी सुमारे १०० आणि चरसासाठी २५ ग्रॅमपर्यंत येते. पण हा आकडा कायद्यात लिहिलेला नाही. तो निकालांतून घडलेला आहे आणि घरात वजनकाटा, छोट्या पिशव्या किंवा मोठी रोख रक्कम सापडली तर त्याहून कमी मालावरही व्यापाराचा आरोप लागू शकतो. वाहनचालकांचा प्रश्न असाच गुंतागुंतीचा आहे. रस्त्यावरच्या लाळचाचणीत अमली पदार्थाचा अंश सापडला, तर अंमल चढलेला असो वा नसो, १,००० युरो दंड आणि परवान्यातले सहा गुण जातात. अंमल उतरल्यानंतरही लाळेत अंश काही काळ राहू शकतो, त्यामुळे या नियमावर वाद आहे. हा वाद मुद्देसूद मांडणारी जागा सर्वसाधारण वर्तमानपत्रांत क्वचितच मिळते.

इतिहासाची पाने मासिकाला भारदस्तपणा देतात. स्पेनमधल्या अमली पदार्थांच्या इतिहासाचे अभ्यासक हुआन कार्लोस उसो यांचे लेखन या मासिकाच्या वाचकांना परिचयाचे आहे. या सगळ्या मंडळींवर मोठा प्रभाव आहे तो तत्त्वचिंतक अँतोनियो एस्कोओतादो यांचा. त्यांचा 'अमली पदार्थांचा सामान्य इतिहास' हा त्रिखंडी ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमली पदार्थ हे प्रत्येक संस्कृतीत होते आणि बंदी ही विसाव्या शतकातली नवी गोष्ट आहे, हा त्यांचा मुद्दा स्पॅनिश चर्चेत इतका मुरला, की त्यांचे विरोधकही आता त्याच चौकटीत बोलतात.

स्पेनचा स्वतःचा इतिहास या पानांना पुरेसा मजकूर पुरवतो. आलिकान्ते प्रांतातल्या कायोसा दे सेगुरा गावाच्या परिसरात भांगेच्या तंतूंचे पीक विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठे होते. त्यापासून दोर, जाळी आणि चपलांचे विणलेले तळवे होत. कृत्रिम धागा आल्यावर ते पीक बुडाले. याच इतिहासाचा एक धागा थेट गोव्याला जोडलेला आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी गोव्यात राहून लिहिलेला औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेवर स्वतंत्र प्रकरण आहे. ओर्तांच्या या ग्रंथावर भिस्त ठेवून, आणि स्वतः भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर राहिल्याच्या अनुभवावर, क्रिस्तोबाल आकोस्ता या वैद्याने स्पॅनिश भाषेत पूर्वेकडच्या औषधींवर ग्रंथ लिहिला. तो १५७८ मध्ये स्पेनमधल्या बुर्गोस शहरात छापला गेला आणि त्यातही भांग आहे. दोरखंडाचे पीक म्हणून स्पॅनिश माणसाला हे झाड आधीपासून ठाऊक होते. वाटून पिण्याची, झोप आणि खुशी देणारी भांग मात्र त्याला छापील पानावर भेटली ती कोकणपट्टीतून.

मासिकाचा खर्च कसा चालतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्याची ताकद आणि त्याचा कमकुवतपणा दोन्ही तिथे आहेत. अंक उघडताच जाहिराती दिसतात. बियाणे विकणाऱ्या कंपन्या, खते, दिवे, हवा खेळती ठेवणारी यंत्रे, सिगारेट वळायचा कागद अशा त्या असतात. अल्कोय आणि कापेयादेस या गावांची पातळ कागद बनवण्याची परंपरा जुनी आहे, त्यामुळे वळायच्या कागदाचा धंदा स्पेनला नवा नाही. बियाण्याचा धंदा मात्र गांजाबंदीच्या काळातच वाढला, आणि तो कायदेशीर आहे. १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराने 'गांजा' म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे अशी व्याख्या केली आणि शेंड्यांपासून सुटी असलेली बी व पाने तिच्या बाहेर ठेवली. भारताच्या १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातली गांजाची व्याख्या हीच आहे, आणि भांग अनेक राज्यांत वेगळ्या नियमाखाली का येते याचे उत्तरही तिथेच आहे. स्पेनमध्ये या व्याख्येच्या जोरावर बियाण्याची चकचकीत पाकिटे दुकानात विकली जातात. पाकिटावर झाडाचे छायाचित्र, जातीचे नाव, अपेक्षित उंची आणि फुलोऱ्याचे आठवडे असतात, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की हे बी केवळ संग्रहासाठी आहे. विकणारा, घेणारा आणि पोलीस या तिघांनाही त्याचा खरा उपयोग माहीत असतो.

जाहिरातींचा हा ओघ नसता तर इतक्या रंगीत पानांचे मासिक महिन्याला निघणे कठीण होते. पण ज्या कंपन्यांचा नफा अधिकाधिक तीव्र जाती विकण्यात आहे, त्यांच्याच पैशांवर चालणारे मासिक त्या तीव्रतेविरुद्ध कितपत परखड बोलेल, हा प्रश्न वाचकाने विचारायलाच हवा. गेल्या तीन दशकांत टीएचसी या अमली घटकाचे प्रमाण नव्या जातींत खूप वाढले आहे. युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणी झालेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की दहा टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसी असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांत तीव्र मानसिक आजाराची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे पाचपट आढळली. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांचा धोका आणखी गंभीर आहे. तंबाखूत मिसळून ओढण्याची स्पॅनिश रीत फुप्फुसांचे वेगळे नुकसान करते. 'कान्यामो'ने आरोग्याच्या प्रश्नांकडे पाठ फिरवलेली नाही. धोका कमी करण्याच्या सूचना हा त्याच्या मजकुराचा नित्याचा भाग आहे. तरी शेजारच्या पानावर तीव्रतेची फुशारकी मारणारी जाहिरात असताना त्या सूचनांचा जोर कमी होतो, हे खरेच आहे. मासिकाच्या बाजूने एवढे म्हणता येते, की ज्याचा शाळेतल्या व्यसनमुक्तीच्या व्याख्यानावर विश्वास नाही असा वाचक निदान इथली सूचना वाचतो.

मासिकाच्या पानांतून वाढलेली सर्वात ठळक गोष्ट म्हणजे गांजा क्लब. कायदा विक्रीला मनाई करतो, पण न्यायालयांनी 'सामायिक सेवन' ही संकल्पना मान्य केली होती. ठराविक, एकमेकांना ओळखणाऱ्या प्रौढांनी मिळून पदार्थ घेतला आणि त्याच जागी वापरला तर तो व्यापार धरला जात नाही. आंदालुसियाच्या प्रांतिक सरकारने मागवलेल्या एका कायदेशीर अहवालाने शतकाच्या वळणावर या संकल्पनेला टेकू दिला. २००१ मध्ये बार्सेलोनात अशा क्लबांपैकी सुरुवातीचा एक क्लब उघडला. पुढच्या दशकात त्यांची संख्या शेकड्यांत गेली. काही क्लब खरोखर सभासदांची सहकारी संस्था होते. काहींनी पर्यटकांना दारात उभ्या उभ्या सभासद करून घ्यायला सुरुवात केली, आणि मूळ कल्पना बदनाम होण्याला तेच कारणीभूत ठरले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिल्बाओच्या एका क्लबच्या खटल्यात स्पष्ट केले, की शेकडो सभासदांसाठी कायमस्वरूपी, संघटित लागवड आणि वाटप ही सामायिक सेवनाच्या सवलतीत बसत नाही. कातालोनियात पन्नास हजारांहून जास्त नागरिकांच्या सह्यांनी विधेयक मांडले गेले आणि प्रांतिक संसदेने २०१७ मध्ये क्लबांचा कायदा केला. पुढच्याच वर्षी घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला, कारण फौजदारी कायदा हा माद्रिदचा विषय आहे. त्याआधी नाव्हारा प्रांताचा कायदाही असाच गेला होता. क्लब आजही आहेत. त्यांची दारे महापालिकेच्या परवान्यांवर आणि पोलिसांच्या मर्जीवर उघडी-बंद होतात.

स्पॅनिश ही वीसेक देशांची भाषा असल्याने बार्सेलोनात छापलेला अंक चिलीच्या सँतियागोत वाचता येतो, पण वापरता येत नाही. कारण साधे आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे आहेत. बार्सेलोनात काढणी चालू असते तेव्हा चिलीत पेरणीची वेळ होते, आणि तिथली काढणी मार्च-एप्रिलमध्ये येते. कायदेही वेगळे, न्यायालयेही वेगळी. म्हणून चिलीत 'कान्यामो'ची स्वतंत्र आवृत्ती उभी राहिली. चिली या झाडाला परका नव्हता. आकोंकाग्वा खोऱ्यात वसाहतकाळापासून भांगेच्या तंतूंची शेती होती आणि पॅसिफिकमधल्या जहाजांना तिथून दोर जात. २००५च्या अमली पदार्थ कायद्याने लागवड गुन्हा ठरवली, पण वैयक्तिक, अल्पमुदतीच्या वापरासाठी सवलतीची एक चिंचोळी वाट ठेवली. २०१४ मध्ये सँतियागोच्या ला फ्लोरिदा या भागाच्या नगरपालिकेने रुग्णांसाठी औषधी लागवड सुरू केली, तेव्हा हा विषय फॅशनच्या पानावरून दवाखान्यात गेला.

अर्जेंटिनाने मात्र स्वतःचे मासिक काढले. २००६ मध्ये ब्वेनोस आयरेसमध्ये सुरू झालेल्या 'टीएचसी' या मासिकाची परिस्थिती 'कान्यामो'पेक्षा कठीण होती. तिथल्या १९८९च्या कायद्याच्या कलम १४ने वैयक्तिक वापरासाठी थोडासा पदार्थ जवळ बाळगणेही शिक्षापात्र केले होते. शिवाय त्याच कायद्यात अमली पदार्थांच्या वापराचा जाहीर प्रसार करणाऱ्याला, आणि उत्पादनाच्या जाहीर सूचना देणाऱ्याला वर्षानुवर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद होती. अशा कलमांच्या छायेत लागवडीवर लिहिणे हे धाडसच होते. मासिकाचा युक्तिवाद सार्वजनिक आरोग्याचा होता. अर्जेंटिनात गरीब वाचकाला मिळे तो पॅराग्वेतून येणारा, विटेसारखा दाबलेला, बुरशी लागलेला, काड्या-बियांनी भरलेला माल. घराच्या गच्चीवर दोन कुंड्या असणारा माणूस त्या मालापासून आणि तो विकणाऱ्या टोळ्यांपासून सुटतो, हे मासिकाने वारंवार मांडले.

अर्जेंटिनाच्या १८५३च्या राज्यघटनेत कलम १९ आहे. जी खासगी कृत्ये सार्वजनिक व्यवस्थेला बाधा आणत नाहीत आणि तिसऱ्या व्यक्तीचे नुकसान करत नाहीत, ती देवावर सोपवलेली आहेत आणि न्यायाधीशांच्या अधिकाराबाहेर आहेत, असा त्याचा आशय आहे. १९८६ मध्ये रॉक गिटारवादक गुस्ताव्हो बास्तेरिका याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवून वैयक्तिक बाळगण्यावरची शिक्षा घटनाबाह्य ठरवली. चारच वर्षांत न्यायालयाने ती भूमिका फिरवली. २५ ऑगस्ट २००९ रोजी हातात जेमतेम काही विड्या सापडलेल्या रोसारियो शहरातल्या काही तरुणांच्या खटल्यात न्यायालय पुन्हा पहिल्या जागी आले. 'आरियोला' या नावाने ओळखला जाणारा हा निकाल अर्जेंटिनाच्या गांजा-चर्चेचा पाया आहे. तरीही कलम १४ कायद्याच्या पुस्तकात तसेच राहिले आणि पोलीस अटक करत राहिले. पुढचे पाऊल उचलले ते मातांनी. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराने ग्रासलेल्या मुलांच्या आया 'मामा कुल्तिव्हा' या संघटनेत एकत्र आल्या, संसदेच्या दारात बसल्या, आणि २०१७ मध्ये औषधी गांजाचा पहिला कायदा झाला. घरच्या लागवडीला त्यात जागा नव्हती. ती २०२०च्या अखेरच्या नव्या नियमावलीने दिली. त्यानंतर नोंदणीकृत रुग्णाला फुलोऱ्यावरची नऊपर्यंत झाडे लावता येऊ लागली आणि ४० ग्रॅमपर्यंत वाळलेली फुले जवळ बाळगता येऊ लागली.

शेजारच्या उरुग्वेने या सर्वांना मागे टाकले. डिसेंबर २०१३ मध्ये होसे मुहिका अध्यक्ष असताना झालेल्या कायद्याने गांजाच्या संपूर्ण बाजाराचे नियमन करणारा तो जगातला पहिला देश झाला. नोंदणी केलेल्या रहिवाशाला तीनपैकी एकच वाट निवडावी लागते. एक म्हणजे घरी सहा झाडे आणि वर्षाला ४८० ग्रॅम, दुसरी १५ ते ४५ सभासदांचा क्लब, तिसरी औषधाच्या दुकानातून महिन्याला ४० ग्रॅम. दुकानांतली विक्री १९ जुलै २०१७ ला सुरू झाली. जाहिरातींवर तिथे पूर्ण बंदी आहे. बार्सेलोनातल्या मासिकाच्या वाचकाला ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कायदा पूर्ण झाला की बियाणे कंपन्यांच्या रंगीत पानांना जागा उरत नाही, म्हणजे मासिक ज्या बदलासाठी भांडते तो झाला तर त्याच्या उत्पन्नाचा आजचा आधारच निघून जाऊ शकतो.

मेक्सिकोत 'कान्यामो'ची आवृत्ती गेली तेव्हा तिला एक विसरलेला इतिहास तयार मिळाला. मेक्सिकोने गांजावर १९२० मध्येच बंदी घातली होती. १९३८ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ लेओपोल्दो सालासार व्हिनिएग्रा यांनी गांजाने माणूस हिंस्र होतो ही समजूत निराधार असल्याचे लिहिले. त्यांच्याच विचारांना धरून १९४० मध्ये लासारो कार्देनास यांच्या सरकारने व्यसनी लोकांना सरकारी दवाखान्यातून पदार्थ देण्याचा नियम केला. अमेरिकेच्या दबावाखाली तो काही महिन्यांतच मागे घ्यावा लागला. त्यानंतर पाऊण शतकाने, ४ नोव्हेंबर २०१५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार अर्जदारांना वैयक्तिक वापरासाठी लागवडीची परवानगी नाकारणे हे व्यक्तिमत्त्वाच्या मुक्त विकासाच्या हक्काविरुद्ध आहे, असा निकाल दिला. असे पाच निकाल झाल्यावर २०१८ मध्ये ती भूमिका सर्व न्यायालयांवर बंधनकारक झाली. संसदेने ठरलेल्या मुदतीत कायदा केला नाही, तेव्हा जून २०२१ मध्ये न्यायालयाने बंदीची संबंधित कलमे सर्वांसाठीच रद्द केली. प्रौढ नागरिकाला आता आरोग्य खात्याकडे परवानगी मागता येते आणि बियाणे कोठून घ्यायचे याचे नियमही त्याच खात्याने करावेत असे न्यायालयाने सांगितले आहे. पण आरोग्य कायद्यात जवळ बाळगण्यावरची पाच ग्रॅमची जुनी मर्यादा कायम आहे. घरी वाढवलेल्या एका झाडाचे पीक वाळल्यावर त्याहून कितीतरी जास्त भरते. त्यामुळे परवानगी हातात असलेल्या माणसालाही आपण कायद्याच्या कोणत्या बाजूला आहोत हे वकिलाला विचारूनच ठरवावे लागते.